मँचेस्टरची न झालेली कसोटी : मालिका २-१ की २-२?

भारत आणि इंग्लंड यांच्यात कसोटी मालिका आली की २०२१ चा विषय निघतोच. एक जण म्हणतो, तेव्हा आपण २-१ ने पुढे होतो, मालिका आपलीच होती. दुसरा आकडेवारी दाखवतो, तिथे २-२ लिहिलेलं असतं. मग तिसरा विचारतो की पाचवा सामना दहा महिन्यांनी, दुसऱ्याच शहरात आणि दुसऱ्याच कर्णधारांच्या हाताखाली खेळवला, तर तो त्या मालिकेचा कसा? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर साथीचा रोग, विमा, गुणतक्ता आणि वेळापत्रक यांच्यात विखुरलेलं आहे, म्हणून ते एका वाक्यात सांगता येत नाही. एकेक धागा सोडवत गेलं तर मात्र अवघड काही नाही.

आधी घटनाक्रम

२०२१ च्या उन्हाळ्यात विराट कोहलीचा संघ पाच कसोटींसाठी इंग्लंडमध्ये होता. नॉटिंगहॅमची पहिली कसोटी पावसाने अनिर्णित राहिली. लॉर्ड्सवर भारत १५१ धावांनी जिंकला. लीड्सला इंग्लंडने एक डाव आणि ७६ धावांनी हिशेब चुकता केला. ओव्हलवर रोहित शर्माने दुसऱ्या डावात १२७ धावा काढल्या, पालघरच्या शार्दूल ठाकूरने दोन्ही डावांत अर्धशतकं ठोकली आणि भारत १५७ धावांनी जिंकला. १९७१ मध्ये अजित वाडेकरांच्या संघाने याच ओव्हलवर इतिहास घडवला होता. त्यानंतर या मैदानावर भारताला कसोटी जिंकायला ५० वर्षं लागली. इंग्लंडमध्ये मालिका जिंकूनही १४ वर्षं झाली होती, २००७ नंतर ते जमलंच नव्हतं. म्हणजे मँचेस्टरला व्हायचा पाचवा सामना नुसता अनिर्णित राखला असता तरी मोठी गोष्ट होती.

ओव्हलची कसोटी चालू असतानाच प्रशिक्षक रवी शास्त्री यांची कोविड चाचणी पॉझिटिव्ह आली. त्यांच्या सहवासातले गोलंदाजी प्रशिक्षक, क्षेत्ररक्षण प्रशिक्षक आणि मुख्य फिजिओ यांनाही वेगळं ठेवण्यात आलं. दोन्ही प्रशिक्षकांचे अहवाल पुढे पॉझिटिव्ह आले. उरलेला संघ मँचेस्टरला पोहोचला आणि तिथे सामन्याच्या तोंडावर सहायक फिजिओही पॉझिटिव्ह निघाला. ९ सप्टेंबरचा सराव रद्द झाला, सर्व खेळाडूंची पुन्हा चाचणी झाली आणि संध्याकाळी निकाल आला की सगळे निगेटिव्ह आहेत. लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. आणि १० सप्टेंबरच्या सकाळी, सामना सुरू व्हायला दोनेक तास उरले असताना, तो होणार नसल्याचं जाहीर झालं.

सगळे निगेटिव्ह होते ना? मग अडलं कुठे?

सर्वांत जास्त विचारला गेलेला प्रश्न हाच, आणि सर्वांत जास्त गैरसमजही इथेच आहे. निगेटिव्ह अहवालाचा अर्थ एवढाच की नमुना घेतला त्या क्षणी नाकात-घशात विषाणू सापडला नाही. विषाणू शरीरात शिरला की तो वाढून चाचणीत दिसेपर्यंत काही दिवस जातात. तेव्हा हा काळ साधारण २ ते १४ दिवसांचा धरला जात होता. बहुतेकांच्या बाबतीत तो चार-पाच दिवसांचा असे. मंगळवारी संसर्ग झालेला माणूस गुरुवारी निगेटिव्ह येऊन रविवारी पॉझिटिव्ह येणं अगदी शक्य होतं. आणि रविवारी ही कसोटी तिसऱ्या दिवसात असती.

आता त्या सहायक फिजिओचं काम डोळ्यांसमोर आणा. संघात हातांनी काम करणारा माणूस म्हणजे फिजिओ. गोलंदाजाचा खांदा मोकळा करणं, पोटऱ्या दाबणं, घोट्याला पट्टी बांधणं, हे सगळं हातभर अंतरावरून आणि एकेका खेळाडूमागे बराच वेळ चालतं. मुख्य फिजिओ आधीच विलगीकरणात गेल्यामुळे हे काम या एकट्यावर आलं होतं. तेव्हाचे बीसीसीआयचे अध्यक्ष सौरव गांगुली यांनी नंतर सांगितलं की तो खेळाडूंमध्ये मोकळेपणाने वावरत होता, त्यांना मसाज देत होता आणि त्यांच्या कोविड चाचण्याही घेत होता. ज्याने संघातल्या जवळजवळ प्रत्येकाला हात लावलाय, तोच पॉझिटिव्ह निघाला. खेळायला खेळाडूंनीच नकार दिला आणि त्याचा दोष त्यांना देता येणार नाही, हेही गांगुलींनी उघडपणे सांगितलं.

मला त्यांचं म्हणणं पटतं. काही खेळाडूंची कुटुंबं, लहान मुलं सोबत होती. जूनच्या सुरुवातीपासून संघ इंग्लंडमध्ये होता आणि त्याआधी मुंबईतल्या हॉटेलात विलगीकरण झालेलं होतं. जुलैमध्ये ऋषभ पंत पॉझिटिव्ह येऊन बरा झाला होता, त्यामुळे ही भीती ऐकीव नव्हती. एप्रिल-मे महिन्यांत भारतात काय चाललं होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. ऑक्सिजनसाठी वणवण केलेल्या देशातून ही मुलं गेली होती. 'चाचणी निगेटिव्ह आहे, चला मैदानात' एवढ्यावर त्यांनी समाधान मानावं ही अपेक्षा टीव्हीसमोर बसून करणं सोपं होतं.

शास्त्री एका पुस्तक प्रकाशनाच्या कार्यक्रमाला गेले आणि तिथून सगळं सुरू झालं, असंही ठामपणे बोललं जातं. कार्यक्रम झाला होता, गर्दीही होती आणि पुढच्या काही दिवसांत ते पॉझिटिव्ह आले, इतकं खरं. पण इंग्लंडने १९ जुलैपासून बहुतेक निर्बंध उठवले होते, लोक सगळीकडे मोकळे फिरत होते. संसर्ग नेमका तिथेच झाला हे कोणी सिद्ध केलेलं नाही. त्या परिस्थितीत जाणं टाळायला हवं होतं, असं मात्र मला वाटतं.

सामना न होण्याचे प्रकार

खरा तिढा इथे आहे. सामना झाला नाही हे सगळ्यांना मान्य होतं. तो कोणत्या कारणाने झाला नाही, यावर मात्र पैसे, गुण आणि मालिकेचा निकाल सगळं अवलंबून होतं.

लग्नासाठी मंगल कार्यालय घेतलंय असं समजा. आचारी आलेत, मांडव सजलाय, आणि मुलाकडचे आलेच नाहीत. गावाकडे साथ पसरल्यामुळे ते घराबाहेर पडूच शकले नाहीत, असं असेल तर बोलणी एका दिशेने जातात. मुहूर्त पुढचा धरू, खर्चाचं बसून ठरवू. पण ते धडधाकट असून आले नाहीत, तर सगळं नुकसान त्यांच्या माथी. मँचेस्टरला नेमका हाच वाद होता : भारतीय संघ येऊ शकला नाही की आला नाही?

यातल्या दुसऱ्या प्रकाराला क्रिकेटमध्ये 'फोरफिट' म्हणतात. संघाने सामना सोडून दिला, म्हणून तो प्रतिस्पर्ध्याला बहाल. कसोटीच्या इतिहासात असं एकदाच झालंय. ऑगस्ट २००६ मध्ये, तेही ओव्हलवरच, चेंडू कुरतडल्याच्या ठपक्यावरून इंझमाम-उल-हकचा पाकिस्तानी संघ चहापानानंतर मैदानात उतरला नाही आणि पंचांनी सामना इंग्लंडला दिला. आयसीसीने २००८ मध्ये तो निकाल बदलून अनिर्णित केला आणि फेब्रुवारी २००९ मध्ये परत इंग्लंडचा विजय असा फिरवला. एकाच सामन्याचा निकाल दोनदा बदलला, यावरून हा विषय मंडळांना किती जड जातो ते कळतं.

१० सप्टेंबरला इंग्लंडच्या मंडळाने काढलेल्या पहिल्या पत्रकात भारत सामना फोरफिट करत असल्याचं म्हटलं होतं. थोड्याच वेळात ते वाक्य काढलं गेलं आणि भारत दुर्दैवाने संघ उतरवू शकत नाही असं सुधारित पत्रक आलं. एका वाक्याने काय बिघडणार होतं? पुष्कळ काही.

पहिलं म्हणजे मालिका. फोरफिट धरलं तर २-२, रद्द धरलं तर चार सामन्यांची मालिका होऊन भारत २-१ ने विजेता.

दुसरं, कसोटी अजिंक्यपद स्पर्धेचे गुण. तिथे विजयाला १२, अनिर्णित सामन्याला प्रत्येकी ४ गुण मिळतात आणि क्रमवारी टक्केवारीने लागते, म्हणजे मिळू शकणाऱ्या गुणांपैकी किती मिळाले यावर. चार सामन्यांत मिळून ४८ गुण पणाला होते. भारताचे दोन विजयांचे २४, अनिर्णितचे ४, त्यातून नॉटिंगहॅमला षटकं संथ टाकल्याबद्दल २ वजा, असे २६ झाले होते. ४८ पैकी २६ म्हणजे ५४.१७ टक्के. सामना रद्द म्हटलं की हिशेब इथेच थांबतो. फोरफिट म्हटलं की ६० पैकी २६, म्हणजे थेट ४३.३३ टक्के. इंग्लंड मात्र २९.१७ वरून त्याच ४३.३३ वर पोहोचलं असतं. चेंडूही न टाकता.

स्पर्धेच्या नियमांत कोविडसाठी एक वाट ठेवलेली होती. साथीमुळे संघावर इतका परिणाम झाला की तो अकरा जण उतरवूच शकत नाही, तर न खेळणं हे मान्य कारण धरलं जाईल आणि गुण कापले जाणार नाहीत. इथेच वकिली सुरू झाली. सहायक वर्ग आजारी होता, पण खेळाडू तर निगेटिव्ह होते! इंग्लंड मंडळाचे मुख्य अधिकारी टॉम हॅरिसन यांनी सामना कोविडमुळे रद्द झालेला नाही, खेळाडूंच्या मनःस्वास्थ्याच्या काळजीतून सामना थांबलाय अशी भूमिका घेतली. भीतीने खेळू न शकणं हे 'संघ उतरवता न येणं' यात बसतं का, याचं उत्तर नियमात नव्हतं. नियम लिहिणाऱ्यांनी तापाचा विचार केला होता, धास्तीचा केला नव्हता.

तिसरी गोष्ट पैशांची, आणि माझ्या मते सगळी ओढाताण यातूनच आली. दोन देशांच्या मालिकेत प्रक्षेपणाचे आणि तिकिटांचे पैसे यजमान मंडळाकडे जातात. पाहुण्या मंडळाला त्यातला वाटा नसतो, त्याची कमाई पुढे तो यजमान असताना होते. त्यामुळे मँचेस्टरचा सगळा तोटा इंग्लंडचा होता. तो सुमारे ४ कोटी पौंडांपर्यंत जाईल असे आकडे तेव्हा तिथल्या बातम्यांत येत होते. त्यात विमा कोविडसाठी लागू नव्हता, पण सामना फोरफिट ठरला तर दावा करता येईल, अशीही चर्चा होती. म्हणजे पत्रकातल्या त्या एका वाक्यावर एका मंडळाचा वर्षाचा ताळेबंद टांगलेला होता.

पण इंग्लंडने तर अख्खा संघ बदलला होता!

हा आक्षेप बिनतोड वाटतो. त्याच वर्षी जुलैमध्ये पाकिस्तानविरुद्धच्या एकदिवसीय मालिकेआधी इंग्लंडच्या ताफ्यात सात जण पॉझिटिव्ह आले. सगळा संघ विलगीकरणात गेला. दोन दिवसांत बेन स्टोक्सच्या नेतृत्वाखाली नवा संघ उभा राहिला, त्यातले नऊ जण एकदिवसीय पदार्पणही न झालेले, आणि त्या संघाने मालिका ३-० जिंकली.

ते घरच्या मैदानावर होते. कौंटी म्हणजे तिथलं देशांतर्गत क्रिकेट चालू होतं, तिथून खेळाडू गाडीत बसून संध्याकाळी हॉटेलात येऊ शकत होता. परदेशातल्या संघाकडे सोबत आणलेले पंधरा-वीस जण असतात आणि त्या सगळ्यांनी एकाच फिजिओच्या टेबलावर पाठ टेकलेली असते. बदली आणायची तर विमान, व्हिसा, विलगीकरण. भारताने तोही अनुभव घेतलेला होता. त्याच जुलैमध्ये श्रीलंकेत शिखर धवनच्या संघातला कृणाल पांड्या पॉझिटिव्ह आला. त्याच्या सहवासातले आठ जण बाजूला ठेवावे लागले, टी-२० सामना एक दिवसाने पुढे गेला आणि उरलेल्यांतून कसाबसा संघ उभा केला. त्या एका दिवशी चौघांनी पदार्पण केलं. पुण्याचा ऋतुराज गायकवाड त्यातलाच. विशेषज्ञ फलंदाज होते फक्त पाच. वीस षटकांचा सामना असा निभावता येतो. मालिकेचा निकाल ठरवणारी पाच दिवसांची कसोटी तशी उतरवणं वेगळं.

मग खरं कारण आयपीएल होतं का?

दोन्ही मंडळांनी नाही म्हटलं. इंग्लंडमधल्या अनेक माजी खेळाडूंनी मात्र थेट हो म्हटलं. तारखा मांडून बघू.

आयपीएल ४ मे रोजी २९ सामन्यांनंतर थांबवावी लागली होती. उरलेले ३१ सामने १९ सप्टेंबरपासून यूएईत व्हायचे होते. मँचेस्टरची कसोटी १४ सप्टेंबरला संपणार होती. आयपीएलचा अंतिम सामना १५ ऑक्टोबरला आणि टी-२० विश्वचषक १७ ऑक्टोबरपासून सुरू. इंग्लंडमध्ये पॉझिटिव्ह आलेल्याला १० दिवस विलगीकरण सक्तीचं होतं. कसोटीच्या तिसऱ्या दिवशी एखादा खेळाडू पॉझिटिव्ह आला असता तर तो २२ तारखेपर्यंत मँचेस्टरच्या खोलीत अडकला असता. हे सगळ्यांना ठाऊक होतं, खेळाडूंनाही. ते त्यांच्या मनात नव्हतंच असं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल.

माझा राग खेळाडूंपेक्षा वेळापत्रकावर आहे. सामना चार दिवस पुढे ढकलून सगळ्यांची आणखी दोनदा चाचणी केली असती, तर निर्णय भीतीवर न होता माहितीवर झाला असता. तेवढे चार दिवस कोणाकडेच नव्हते. साथ चालू असताना दौऱ्याच्या शेवटी एक आठवडाही मोकळा न ठेवणं हा दोन्ही मंडळांचा निर्णय होता. त्याची किंमत मोजली ती सुट्टी काढून, रेल्वेची तिकिटं आणि हॉटेलं घेऊन मँचेस्टरला पोहोचलेल्या लोकांनी. सामन्याच्या तिकिटाचे पैसे परत मिळाले, बाकीचं गेलं. त्यात दूरवरून आलेले भारतीय कितीतरी होते.

दहा महिन्यांनंतरचा सामना त्याच मालिकेचा कसा?

इंग्लंडने निकालासाठी आयसीसीकडे धाव घेतली होती, पण तिथे निवाडा व्हायच्या आधीच दोन मंडळांनी आपसात मिटवलं. २२ ऑक्टोबर २०२१ रोजी जाहीर झालं की राहिलेली कसोटी १ जुलै २०२२ पासून बर्मिंगहॅमच्या एजबॅस्टनवर होईल. भारत त्या उन्हाळ्यात मर्यादित षटकांच्या सामन्यांसाठी तिथे जाणारच होता. मँचेस्टरला बदल्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्धची कसोटी मिळाली. दोन्ही मंडळं कबूल झाली, आयसीसीने त्याच मालिकेचे गुण धरले, म्हणजे कागदोपत्री ती पाचवी कसोटीच. पतौडी करंडकासाठीची मालिका तेव्हा संपलीच नव्हती, थांबलेली होती. त्यामुळे 'आपण २-१ ने जिंकलो होतो' हे नियमाने बरोबर नाही. आपण २-१ ने पुढे होतो.

पण मैदानावर ती मालिका उरली होती का? ओव्हलवर खेळलेल्या इंग्लंडच्या अकरांपैकी एजबॅस्टनला फक्त चौघे होते : रूट, बेअरस्टो, पोप आणि अँडरसन. कर्णधार रूटच्या जागी स्टोक्स, प्रशिक्षक सिल्व्हरवूडच्या जागी मॅकलम. जूनमध्ये न्यूझीलंडला ३-० हरवून, तिन्ही वेळा अडीचशेच्या वरचा पाठलाग करून हा संघ आला होता. भारताचा कोहली कर्णधार राहिला नव्हता, शास्त्रींच्या जागी द्रविड होते, राहुल जखमी होता, रहाणे संघाबाहेर, आणि तयारी म्हणजे लेस्टरशायरविरुद्धचा एक सराव सामना. पंतच्या १४६ आणि जडेजाच्या १०४ धावांनी भारताने ४१६ केल्या, १३२ धावांची आघाडीही घेतली. तरी शेवटच्या डावात ३७८ चं लक्ष्य इंग्लंडने तीनच गडी गमावून गाठलं. रूट नाबाद १४२, बेअरस्टो नाबाद ११४. इंग्लंडचा तो कसोटीतला सर्वांत मोठा यशस्वी पाठलाग ठरला.

मालिका २-२, आणि इंग्लंडमधली आधीची, २०१८ ची मालिका जिंकलेली असल्याने करंडक इंग्लंडकडेच. रूटच्या मालिकेतल्या ७३७ धावा आणि बुमराचे २३ बळी हे आकडे दोन उन्हाळ्यांचे मिळून आहेत. निर्णय कायदेशीर होता आणि त्या पेचातून तोच एक बरा मार्ग होता, हे मी मान्य करतो. ऑगस्ट-सप्टेंबर २०२१ मध्ये लॉर्ड्स आणि ओव्हल जिंकलेल्या त्या संघाला आपलं काम पूर्ण करायला मिळालं नाही, याची हळहळ तरीही जात नाही.

तेव्हा थांबले, मग नंतर का थांबले नाहीत?

एजबॅस्टनच्या कसोटीतही कोविड होताच. नवा कर्णधार रोहित शर्मा लेस्टरला असतानाच पॉझिटिव्ह आला आणि खोलीत बसून राहिला. म्हणून बुमराने नेतृत्व केलं. इंग्लंडचा यष्टिरक्षक फोक्स आजारातून सावरत असल्याने सॅम बिलिंग्ज खेळला. एका संघाचा कर्णधार बाहेर, दुसऱ्याचा यष्टिरक्षक बाहेर, आणि सामना ठरल्या वेळी सुरू. कोणी पत्रकं काढली नाहीत, विम्याची चर्चा झाली नाही.

दहा महिन्यांत दोन गोष्टी बदलल्या होत्या. लसीकरण पसरल्यामुळे पॉझिटिव्ह येणं म्हणजे रुग्णालयात खाट शोधणं, हे समीकरण बहुतेक तरुण खेळाडूंपुरतं मोडलं होतं. आणि इंग्लंडने २४ फेब्रुवारी २०२२ पासून विलगीकरणाची कायदेशीर सक्तीच काढून टाकली होती. एक माणूस पॉझिटिव्ह आला म्हणून त्याच्या सहवासातल्या सगळ्यांना उचलून बाजूला ठेवायची गरज संपली आणि मँचेस्टरला जी साखळी तयार झाली ती तयारच होईनाशी झाली.

बदल किती झाला होता ते महिन्याभरात त्याच मैदानावर दिसलं. ७ ऑगस्ट २०२२ ला एजबॅस्टनवर राष्ट्रकुल स्पर्धेतल्या महिला क्रिकेटचा अंतिम सामना होता, भारत विरुद्ध ऑस्ट्रेलिया. ऑस्ट्रेलियाची ताहलिया मॅकग्रा त्या दिवशी पॉझिटिव्ह होती. आयोजकांनी आणि आयसीसीने तिला खेळायला परवानगी दिली. ती मास्क लावून सहकाऱ्यांपासून वेगळी बसली, मग फलंदाजी केली, गोलंदाजीही केली. हरमनप्रीत कौरच्या संघाला हे कळवण्यात आलं होतं आणि त्यांनी खेळायचं ठरवलं. ऑस्ट्रेलिया ९ धावांनी जिंकलं.